तारीख बरोबर, घटना चुकली

प्रिय बाळ,

सलाम.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो, दोन्ही वेळा त्याचा उपदेश झाला, म्हणून कागद फाडले. तू विचारलंस ते एवढंच की, आपल्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे शनिवारच्या बायबलवर्गात, तू 1844 सालावर प्रश्न काढलास तेव्हा अख्खा वर्ग गप्प का झाला? आणि तुझ्या बाबांसारखी शिकलेली, सरळ माणसं इतर पंथांच्या चुका बोटांवर मोजून दाखवतात, त्यांना आपल्या मंडळीची एकही का सापडत नाही?

आधी आपल्या बोलण्यातला एक शब्द ऐक. आपण कुणाची ओळख करून देताना म्हणतो, 'हे अमुक साली सत्यात आले.' मंडळीत आले असं कुणी म्हणत नाही. तुझे आजोबा सत्यात आले, माझी आई सत्यात आली, आणि जो रविवारी दुसरीकडे उपासनेला जाऊ लागला तो सत्यातून गेला. ज्या जागेचं नावच लहानपणापासून सत्य आहे, तिथे चूक शोधायला माणूस कुठून सुरुवात करणार? तुझ्या प्रश्नाने वर्ग चिडला नव्हता, बाळ. त्यांना तो प्रश्न नीट ऐकूच आला नसेल.

याच्याही मागे आपली जन्मकथा आहे. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, बॅप्टिस्ट. बायबलमधल्या दानीएल 8:14 च्या 2300 दिवसांचा हिशेब मांडून त्याने सांगितलं की 1843 च्या सुमारास ख्रिस्त परत येणार. वेळ टळली तेव्हा सॅम्युएल स्नो नावाच्या प्रचारकाने नेमकी तारीख काढून दिली: 22 ऑक्टोबर 1844. मिलरने ती मान्य केली ती अगदी शेवटच्या दिवसांत. काहींनी शेतातली पिकं काढलीच नाहीत. ती रात्र सरली आणि कुणी आलं नाही.

यापुढचं तुला तिमाही पाठपुस्तकातून शिकवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी हायरम एडसन शेतातून जात होता, तेव्हा त्याला उमगलं की तारीख बरोबर होती, घटना चुकली होती. ख्रिस्त पृथ्वीवर येणार नव्हता, तर त्या दिवशी त्याने स्वर्गातल्या पवित्रस्थानाच्या दुसऱ्या भागात प्रवेश केला. आपली मंडळी या वाक्यावर उभी आहे.

मात्र मिलरचं पुढे काय झालं, हे आपल्या वर्गात सहसा कुणी सांगत नाही. 1845 मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका छापली आणि तीत स्पष्ट लिहिलं की माझी चूक झाली. पवित्रस्थानाचा नवा अर्थ त्याने घेतला नाही, शनिवारचा शब्बाथही घेतला नाही. 1849 मध्ये तो वारला. म्हणजे ज्याने चळवळ उभी केली तो 'चुकलो' म्हणून थांबला, आणि आपण त्या मूठभरांच्या वंशातले आहोत ज्यांनी अर्थ बदलून तारीख राखली. त्यांची मी टर उडवत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण ज्या घराण्याचे मूळपुरुष असे अर्थ बदलून सावरले, त्या घराण्याला सावरण्याची तीच एक रीत अंगवळणी पडते.

ती लगेच पडलीही. पुढची काही वर्षं आपल्या पहिल्या पिढीची समजूत होती की 1844 ला कृपेचं दार बंद झालं. ज्यांनी संदेश नाकारला त्यांना आता तारण नाही. बायबलमधल्या दहा कुमारींच्या दाखल्यात उशिरा आलेल्यांसाठी बंद झालेलं दार. मग नवी माणसं विश्वास ठेवू लागली, घरातली पोरं मोठी झाली, आणि 1851 च्या आसपास ही शिकवण हळूहळू गळून पडली. गंमत म्हणजे शब्द तसाच ठेवला. दार बंद झालं खरं, पण ते पवित्रस्थानाच्या पहिल्या भागाचं, आणि दुसरं उघडलं! तू कधी भिंतीची ओल लपवायला कॅलेंडर टांगलेलं पाहिलं आहेस का? कॅलेंडर खोटं नसतं. पण ओल तिथेच असते.

आता तू म्हणशील, हे सगळं वडीलधाऱ्यांना ठाऊक नाही का? काहींना ठाऊक होतं. 1919 मध्ये वॉशिंग्टनजवळ टाकोमा पार्कला आपले पुढारी आणि शिक्षक जमले आणि आपण ज्यांना संदेष्टी मानतो त्या एलन व्हाइट यांच्या लेखनाबद्दल मोकळेपणी बोलले: त्यांनी इतरांच्या पुस्तकांतून मजकूर घेतला आहे, त्यांचा प्रत्येक शब्द देवाने सांगून लिहवलेला नाही, आणि हे लोकांना कसं सांगायचं. जनरल कॉन्फरन्सचे, म्हणजे मंडळीच्या जागतिक मुख्य संस्थेचे, अध्यक्ष ए. जी. डॅनियल्स स्वतः बोलले. तो वृत्तांत मग गुंडाळून ठेवला गेला आणि थेट 1974 मध्ये संग्रहात सापडला. त्यामुळे 1980 च्या सुमारास उसन्या मजकुराचा विषय अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आला तेव्हा साध्या विश्वासणाऱ्यांना तो शत्रूचा हल्ला वाटला. साठ वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी ते मान्य केलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? आपल्यापर्यंत तर आणखी कमी पोचलं. मराठीत आले ते पाठ, आरोग्याची पुस्तकं आणि निवडक भक्तिपर लेखन. भांडणाचे कागद इंग्रजीत राहिले.

आणि ज्याने विचारलं त्याच्यासाठी उत्तर आधीच शिवून तयार असतं. शेवटच्या काळी मंडळी चाळली जाईल असं आपण शिकलो. म्हणजे कुणी शंका काढली की तो चाळणीतून गळणारा. आपले डॉक्टर केलॉग यांच्या शिकवणीवरून वाद झाला, त्या प्रकरणाला एलन व्हाइट यांनी 1904 मध्ये 'अल्फा', म्हणजे फसवणुकीची सुरुवात, म्हटलं आणि पुढे 'ओमेगा', म्हणजे तिचा शेवट, येईल असा इशारा दिला. तेव्हापासून ज्याला जो माणूस नको त्याला तो ओमेगा म्हणतो. तुझा प्रश्न खरा की खोटा हे तपासावंच लागत नाही. तू तो विचारलास यातच भविष्य पूर्ण झालं.

सगळ्यात नवल मला लावदिकीयाचं वाटतं. प्रकटीकरण 3 मधल्या त्या मंडळीला प्रभू सांगतो की तू स्वतःला धनवान समजतोस, पण आंधळा आणि उघडा आहेस हे तुला कळत नाही. एलन यांचे पती जेम्स व्हाइट यांनी 1856 मध्ये हे आपल्यालाच लागू केलं, आणि आजही प्रत्येक पाळक व्यासपीठावरून म्हणतो, 'भावांनो, आपण लावदिकीया आहोत.' सगळे मान डोलावतात. त्याच दुपारी कुणी म्हणालं की अमुक ठिकाणी आपण आंधळे होतो, तर तो बंडखोर. घाऊक कबुली आपल्याला चालते. किरकोळ चालत नाही.

किरकोळ म्हणजे काय ते सांगतो. 1943 मध्ये ल्यूसी बायर्ड नावाची आपल्याच मंडळीची एक काळी बहीण आजारपणात टाकोमा पार्कच्या आपल्याच रुग्णालयात आणली गेली. तिचा वर्ण कळल्यावर तिला ठेवून घेतलं नाही, दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं, आणि ती तिथे वारली. काळ्या सभासदांनी जाब विचारला. 1944 मध्ये तोडगा निघाला तो वेगळ्या, काळ्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे मंडळ्यांच्या वेगळ्या प्रशासकीय विभागाचा. ज्यांनी तिला परत पाठवलं ते शब्बाथ पाळणारे, मांस न खाणारे, दशमांश देणारे लोक होते. त्यांना वाटलं असेल की चूक ही शिकवणीत असते, आणि शिकवण तर आपली शुद्ध आहे.

हे तिकडचं झालं. आता माझं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मंडळीचा वडील, म्हणजे एल्डर, होतो. छपरासाठी वर्गणी चालू होती. अर्पण मोजायला बसणाऱ्या एका बाईंनी दर आठवड्याचा आकडा शिसपेन्सिलीने वहीत टिपला होता, पोराच्या जुन्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. त्यांची बेरीज 41,350. फळ्यावर लागलं 36,800. उपासनेनंतर त्या बाई माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, 'बाई, शब्बाथाच्या दिवशी हिशेब नको.' मग रविवारी त्या घरी आल्या. मी म्हणालो, 'प्रार्थना करा, सैतान अशाच संधीची वाट बघत असतो.' वही मी हातातही घेतली नाही. पैसे कुणी खाल्ले असं मी आजही म्हणत नाही. दुसऱ्या कामाला वळवले असतील. पण मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. छप्पर, पाळक, माझ्या मुलीची मंडळीच्या शाळेतली नोकरी, माझ्या मुलाची सोयरीक, सगळं एकाच घरात होतं. ती वही उघडली असती तर या सगळ्याला हात लागला असता. तुझ्या बाबांकडे बघताना हे लक्षात ठेव. त्यांना तू एक तारीख विचारतेस, आणि त्यांना आख्खं घर हलल्यासारखं वाटतं.

म्हणून जेवणाच्या ताटावर त्यांना दानीएल 8 वरून धरू नकोस. जे म्हणशील ते 'आपण' म्हणून म्हण, 'तुम्ही' म्हणून नको. आणि सोडून गेलेल्यांच्या गोटात शिरताना जरा जपून. तिथेही अशी माणसं भेटतील ज्यांना आता मंडळीत एकही चांगली गोष्ट दिसत नाही, आणि शंका घेणाऱ्याला तेही तसंच गप्प करतात. बाबांना मिलरबद्दल विचार. त्याला ते मानतात. तो 'चुकलो' म्हणाला तेव्हा त्याचा विश्वास गेला का, एवढंच विचार, आणि ते काय म्हणतात ते ऐकून घे.

उत्तराला उशीर का झाला ते राहिलं. तुझं पत्र वाचून मी त्या बाईंकडे गेलो. आता त्या लेकाकडे असतात. चहा झाल्यावर मी वहीचा विषय काढला. त्या हसल्या. म्हणाल्या, 'ती मागेच रंगकामाच्या वेळी रद्दीत गेली, भाऊ. तुम्हाला आता कशाला हवी?' मला उत्तर सुचलं नाही. येताना त्यांनी शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या.

मिलरच्या 1845 च्या पुस्तिकेची झेरॉक्स सोबत पाठवतोय. इंग्रजी जुनं आहे, अडलं तर फोन कर. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत.

तुझा,
काका