त्याच दिवशी घरी सोडलं, मग रात्री कुणाला हाक मारायची?

"ऑपरेशन झालं आणि संध्याकाळीच घरी सोडलं. दवाखान्यानं हात झटकले म्हणायचे का?" हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणारी बहुतेक वेळा सून असते नाही तर लेक, आणि फोन येतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

लातुरात एका दवाखान्यात मी समुपदेशक आहे. हर्निया, मोतीबिंदू अशी ऑपरेशनं आमच्याकडं सकाळी होतात आणि पेशंट दिवेलागणीला घरी असतो. औसा तालुक्यातल्या एका सूनबाईंचा फोन अजून कानात आहे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सासरे साठीचे, जांघेतला हर्निया, आतून आधाराला जाळी बसवलेली.

"ताई, मामा जेवंनात, बोलंनात. भिंतीकडं तोंड करून पडलेत नुसते. घरी आणून आमचं चुकलं का?"

मी त्यांचा फॉर्म काढला. 'सेवेबद्दल समाधानी आहात का?' यापुढं 'हो'. वेळ साडेपाचची. कमरेखालची भूल तेव्हा नुकती उतरली होती, खरं दुखणं अजून सुरू व्हायचं होतं आणि दाराशी गाडी उभी होती. त्या घडीला कुणीही 'हो' म्हणेल. तो फॉर्म मीच भरून घेतला होता. घरी घ्यायच्या काळजीचा कागद मात्र मी मुलाच्या हातात दिला. मुलगा पहाटेच पुण्याला कामावर गेला, कागद त्याच्या खिशातच राहिला. ही चूक माझी, आणि ती मला आजही लागते.

"पाणी किती पितात?" मी विचारलं.

"उशाशी तांब्या भरून ठेवते ताई. सकाळी बघावं तर तसाच भरलेला. कालबी तसाच."

तिथं उलगडा झाला. मोरी अंगणाच्या पलीकडं. उठायला सुनेचा आधार लागणार आणि सुनेला 'लघवीला न्या' म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं. पाणी कमी, वर दुखण्याच्या गोळ्या, त्यामुळं पोटही साफ होत नव्हतं, आणि कुंथलं की टाक्यांवर ताण यायचा.

मी सूनबाईंना म्हटलं, फोन मामांच्या हातात द्या आणि तुम्ही जरा ओसरीवर जा. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग हळूच म्हणाले, "बाई, खाली सगळं काळंनिळं पडलंय. सुजूलालंय. जाळी सुटली जणू." दोन दिवस आणि दोन रात्री हा माणूस हे एकट्यानं मनात घेऊन पडला होता.

मी लगेच सर्जनना फोनवर घेतलं. लघवी होते का, ताप आहे का, उलट्या होतात का, जखमेतून पू येतो का, हे त्यांनी विचारलं. लघवी थोडी का होईना होत होती, बाकी काही नव्हतं. तरी सकाळी बोलावून तपासलं. जाळी शाबूत होती. जखमेतलं थोडं रक्त खाली उतरतं, त्यानं तो भाग निळा पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. सूज उतरेपर्यंत लंगोट लावा म्हटल्यावर तरुणपणी तालमीत गेलेले मामा पहिल्यांदा हसले.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी सांगते: त्याच दिवशी घरी सोडणं म्हणजे टाळणं नव्हे. लवकर उठून चाललं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका कमी होतो, दवाखान्यातला संसर्गही टळतो. 24 तास भरती नसली तर विमा बुडतो ही भीती पुष्कळांना असते. डे केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांना ती अट नसते, फक्त पॉलिसीतली यादी आधी बघा. भूल दिल्यावर पहिले 24 तास मोटारसायकल चालवू नका, कुठल्या कागदावर सही करू नका. बाजेवरून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा रेटा द्या. खोकला आला तर जखमेवर उशी दाबून धरा. सोयाबीनचं पोतं उचलायचं ते डॉक्टरांना विचारूनच, साधारण चार ते सहा आठवड्यांनी.

पण सहा-आठ तास लघवी झाली नाही, ताप 101 च्या वर गेला, उलट्या थांबेनात, जखम लाल-गरम होऊन वाहू लागली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर उजाडायची वाट बघू नका. फोन करा. गाडी नसली तर 108 ला बोलवा.

आता कागद मी रात्री घरात असणाऱ्या माणसाच्या हातात देते आणि वाचून दाखवते. समाधानाचं दुसऱ्या दिवशी फोनवर विचारते. आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला एकट्याला गाठून एक प्रश्न करते: "रात्री लघवीला उठायचं झालं तर हाक कुणाला माराल?"

गेल्या हंगामात एका तांड्यावरच्या आजींनी उत्तर दिलं, "कुणाला बी नाही. लेकरं ऊसतोडीला गेलीत." त्या रात्री आम्ही त्यांना घरी पाठवलं नाही.