चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न : ओळखीचा मुलूख चित्रात पाहताना

प्रश्न : गेल्या महिन्यात साताऱ्यात स्थानिक चित्रकारांनी आपल्या भागातील निसर्गचित्रांचे आणि वन्यजीवांच्या चित्रांचे छोटेखानी प्रदर्शन भरवले होते. कास, सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा, वाईचा घाट, कोयनेच्या जंगलातले गवे आणि शेकरू अशी बरीच चित्रे तिथे होती. आम्ही सहकुटुंब पाहून आलो. पण अभिप्रायाच्या वहीत ‘हुबेहूब’ या एका शब्दापलीकडे काय लिहावे, ते सुचले नाही. बरोबरचे एक स्नेही म्हणाले, की कासचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असताना तेच पुन्हा रंगवण्यात काय हशील? चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या माणसाने अशी चित्रे कशी पाहावीत?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : चित्रकलेचे शिक्षण नसले तरी मोठ्या शहरातल्या जाणकार समीक्षकाजवळ नसेल अशी एक गोष्ट आपल्याजवळ आहे, ती म्हणजे त्या जागेची ओळख. यवतेश्वरचा घाट आपण भर पावसात चढला आहात, अजिंक्यतारा सकाळ-संध्याकाळ पाहत आला आहात, आणि वैशाखातले डोंगर कसे करपलेले दिसतात हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. स्थानिक निसर्गचित्रांची पहिली पारख या ओळखीच्या बळावरच करायची असते, आणि ती आपण निःसंकोचपणे करावी, असे मला मनापासून वाटते.

डोंगरापासूनच सुरुवात करू. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाचे थर एकावर एक साचून घडलेला आहे. त्यामुळे आपले डोंगर बहुधा माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्यापायऱ्यांचे असतात : उभा काळा कडा, त्याखाली गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. चित्रकाराने हे थर पाहिले आहेत की नाही, हे चित्रापुढे उभे राहताच कळते. कॅलेंडरवरच्या हिमशिखरांसारखे टोकदार त्रिकोण काढून त्यांना निळा रंग दिला असेल आणि खाली सज्जनगड असे नाव लिहिले असेल, तर हात कितीही सफाईदार असला तरी त्या चित्रात सज्जनगड आलेला नाही, असे आपण खुशाल म्हणावे.

कासच्या चित्रांत तर ही पारख फार उपयोगी पडते. निळ्याभोर आकाशाखाली क्षितिजापर्यंत पसरलेला एकाच रंगाचा फुलांचा गालिचा, हे कासचे चित्र आता इतके रुळले आहे की पठारावर न जाताही ते काढता येते. प्रत्यक्षात फुलांचा मुख्य हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरचा. त्या दिवसांत पठारावर धुके आणि ढग असतात, सावल्या बोथट होतात आणि थोड्याच अंतरावर रंग करडे पडू लागतात. जांभा खडक भिजलेला असला की काळपट दिसतो आणि वाळला की तांबूस. त्यावर मातीचा थर अगदी पातळ, कुठे बोटभर, कुठे तोही नाही. म्हणून फुले सलग न येता मातीची खोली आणि साचलेले पाणी पाहून आपापल्या जागा धरतात. पाणथळ भागात गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा शिडकावा, जरा माती मिळाली की तेरडा, पुढे सोनकीचा पिवळा. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे तिचे चित्र असेल तर ते कोणत्या वर्षी काढले, असे चित्रकाराला अवश्य विचारावे. पाहून काढले असेल तर तो आनंदाने सांगेल. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत कासचा समावेश आहे, आणि अशा जागेचे ठोकळेबाज चित्र पाहताना मला विशेष वाईट वाटते.

आता आपल्या स्नेह्यांच्या शंकेविषयी. मोबाइलचा फोटो एका क्षणाचा असतो आणि चौकटीत जे येईल ते सगळे घेतो. पठाराच्या कडेला दोन तास बसलेला चित्रकार त्या अवधीत चार प्रकारचा उजेड पाहतो, त्यातला एक निवडतो, आणि काय गाळायचे तेही ठरवतो. त्याने काय गाळले याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारावर इतक्या पवनचक्क्या आहेत, तरी बहुतेक निसर्गचित्रांतून त्या गायब असतात. त्या गाळण्याचा अधिकार चित्रकाराला आहेच; पण ज्याने त्या चित्रात घेतल्या आणि तरीही पठाराचे विस्तीर्णपण राखले, त्याचे धाडस मला मोठे वाटते, कारण त्याने आजचा सातारा रंगवला आहे.

चित्र आधी आठ-दहा फुटांवरून पाहावे आणि मग अगदी जवळ जावे. धबधब्याचे जलरंगातले चित्र असेल तर पाण्याचा शुभ्रपणा कशाने आणला आहे ते पाहा. पारदर्शक जलरंगात सर्वांत उजळ पांढरा म्हणजे न रंगवलेला कोरा कागद. तो जागच्या जागी राखून भोवतीचा ओला काळा कातळ एका दमात रंगवायचा असतो. हे साधले असेल तर पाणी पडताना दिसते. पांढरा रंग नंतर वरून थापला असेल तर जवळून तो खडूसारखा मंद दिसतो. वहीत काय लिहावे असे आपण विचारता : ‘तुमच्या चित्रातला उजेड पाऊस उघडल्यानंतरचा वाटला’ किंवा ‘कड्यांचे थर नीट आले आहेत, फुले मात्र कोरडी वाटली’, असे एखादे वाक्य लिहावे. दहा ‘हुबेहूब’पेक्षा असा एक अभिप्राय चित्रकाराच्या अधिक कामी येतो.

आपल्या भोवतालाकडे चित्रविषय म्हणून पाहणे आपल्याकडे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरच्या आसपासचा परिसर किती तन्मयतेने रंगवला, हे ज्यांनी ती चित्रे पाहिली त्यांना ठाऊक आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात औंधला, स्वतः चित्रकार असलेल्या संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रे तिथे पाहायला मिळतात. छापील प्रती पाहून सरावलेल्या डोळ्यांना मूळ चित्रासमोर नेणे हा उत्तम अभ्यास आहे, तेव्हा मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

प्रश्न : मी हौशी चित्रकार आहे. इंटरनेटवरचे फोटो पाहून वाघ, बिबटे, पक्षी रंगवतो. एका स्थानिक प्रदर्शनात माझ्या वाघाच्या चित्राचे कौतुक झाले, पण एका वयस्कर गृहस्थांनी ‘हा वाघ आपल्याकडचा नव्हे’ असे सर्वांसमोर म्हटले. वाघ तो वाघच. हा आक्षेप योग्य आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याला ते बोलणे लागले असणार, पण आक्षेप योग्य आहे असेच मला म्हणावे लागेल. त्या गृहस्थांनी बहुधा वाघापेक्षा त्याच्या मागचे जंगल पाहिले असावे. इंटरनेटवरचे वाघांचे फोटो बरेचसे मध्य भारतातील पानगळीच्या जंगलांतले असतात : वाळलेले सोनेरी गवत, बांबू, मोकळी धुळीची वाट. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथले जंगल मुख्यतः सदाहरित आणि निमसदाहरित, गर्द आणि उतारांचे आहे. तिथे वाघ डोळ्यांना क्वचितच पडतो, त्याची नोंद सहसा स्वयंचलित कॅमेऱ्यांतूनच होते. प्रदर्शन ‘आपल्या परिसराचे’ म्हणून भरवले असेल, तर चित्रातले झाड आणि गवतही परिसरातलेच असायला हवे.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानलेली आहे. दुसऱ्याच्या फोटोवरून जसेच्या तसे चित्र काढून ते विकायला मांडायचे असेल, तर छायाचित्रकाराची परवानगी घ्यावी. सरावासाठी घरी काढणे वेगळे.

माझी विनंती अशी आहे, की वर्षभर वाघ बाजूला ठेवावा आणि जे दिसू शकते ते काढावे. सागरेश्वर अभयारण्य आपल्याला जवळ आहे; तिथली सांबरे, चितळे दुरून का होईना पाहता येतात. गवा रंगवायचा असेल तर आधी त्याचा आकार समजून घ्यावा. रेडा काढून त्याला शिंगे बदलली की गवा होत नाही. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा असतो आणि तो तिथे एकदम खाली उतरतो. कपाळ फिकट असते, आणि गुडघ्याखाली चारही पाय मोजे घातल्यासारखे पांढुरके दिसतात. शेकरू जमिनीवर बसलेले दाखवू नये; ते झाडावरच वावरते आणि फांदीवर बसले की लांब झुपकेदार शेपूट खाली सोडते, त्या शेपटीच्या भारावरच चित्राचा तोल उभा राहतो. ओढ्याकाठचा शीळ घालणारा कस्तूर पक्षी तर चित्रकाराची परीक्षाच पाहतो : सावलीत तो काळा दिसतो आणि उन्हाची तिरीप आली की खांद्यावर व कपाळावर चमकदार निळा होतो. ही निळाई किती आणि कुठे द्यायची, हे एका फोटोवरून कळत नाही. ओढ्याशी बसून, चुकतमाकत केलेल्या पेन्सिलच्या रेखाटनांतून कळते. अशा पाच-सहा रेखाटनांवरून केलेले साधे चित्र आपण पुढच्या प्रदर्शनात ठेवा. ते गृहस्थ पुन्हा आले, तर त्यांना आवर्जून दाखवा.

प्रश्न : प्रदर्शनातून कृष्णेच्या घाटाचे एक जलरंगातील चित्र विकत घेतले. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. चित्राला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, वाई

उत्तर : जलरंगाचे चित्र कागदावर असते आणि कागद हवेतली ओल शोषतो, हे लक्षात ठेवून फ्रेम करून घ्यावी. काच कागदाला कधीही टेकता कामा नये. मधे आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, असला म्हणजे दोहोंत हवेची फट राहते. फ्रेमवाले पाठीमागे साधा हार्डबोर्ड लावून चिकटपट्टीने चित्र डकवून देतात, त्याने काही वर्षांत कागद पिवळा पडतो. म्हणून पाठीलाही आम्लविरहित पुठ्ठा मागावा, थोडे पैसे अधिक पडले तरी. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले, की मागून हवा खेळती राहते. थेट ऊन मुळीच नको, कारण काही लाल आणि जांभळे रंग उन्हाने लवकर उडतात. संग्रहालयांत जलरंगांवर साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवतात तो यामुळेच. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यावे, काचेवर फवारू नये. बुरशीचे ठिपके दिसलेच तर स्वतः घासू नये. फ्रेम उघडून चित्र कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलांनी काढलेल्या कृष्णाकाठच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे आहे. मांडणी कशी करावी?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : मोठ्यांसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीडशे सेंटिमीटरवर ठेवतात, पाहणारी मुले असतील तर तो बराच खाली घ्यावा. दोन चित्रांमध्ये भरपूर जागा सोडावी, त्यासाठी चित्रे कमी करावी लागली तरी चालतील. उरलेली दुसऱ्या दिवशी लावता येतात. आयर्विन पुलाची चित्रे सर्वाधिक येतील. ती एकत्र लावावीत, म्हणजे एकच पूल प्रत्येकाला कसा निराळा दिसला हे मुलांना आपोआप कळेल. चित्राखालच्या चिठ्ठीवर मुलाचे नाव आणि इयत्ता तर असेलच; त्यासोबत ठिकाण, महिना, दिवसाची वेळ आणि माध्यम मुलाच्याच अक्षरात लिहून घ्यावे. ज्याला महिना आणि वेळ लिहिता येणार नाही, त्याला वही-पेन्सिल देऊन नदीवर पुन्हा एकदा घेऊन जावे. पारितोषिके ठेवू नयेत, असे माझे मत आहे.