कोयनेला साडेसहा, मग डिचोलीला किती?

प्रश्न : १९६७चा कोयनेचा भूकंप साडेसहा रिश्टरचा होता म्हणतात. मग गोव्यात तो किती रिश्टरचा होता? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : तेवढाच! रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, गावाचा नव्हे. जत्रेत पालखी निघताना बार उडतो. दारू एकच, पण देवळापाशी कानठळ्या आणि आमच्या फोंड्यातल्या ओसरीवर नुसतं 'धप्'. गावोगाव बदलते ती हादऱ्याची तीव्रता. ती माणसांना काय जाणवलं, भिंती कुठे तडकल्या यावरून ठरते. त्या ११ डिसेंबरच्या पहाटे आजीच्या फळीवरचे तांबे वाजले आणि ती मांजरावर ओरडली. तीव्रतेची नोंद म्हणून हे पुरेसं आहे.

आकड्यातली एक पायरी वाढली की यंत्रावरची लाट १० पट, ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट. त्यामुळे सहा आणि सात शेजारी वाटतात, पण नाहीत.

अंतर काढायची युक्ती मला फार आवडते. आधी दाबाची वेगवान लाट येते, मागून आडवी हलवणारी. दोहोंमधले सेकंद गुणिले ८, म्हणजे साधारण किलोमीटर. कोयना ते फोंडा सरळ रेषेत सव्वादोनशेच्या आत-बाहेर; म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद. आजीचं ओरडून झालं असेल तेवढ्यात.