बारावीनंतर ब्रिटनमध्ये फार्मसी: थेट यावं की बी.फार्म. करून?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: फार्मासिस्ट व्हायचंय, तर थेट ब्रिटनला एमफार्मला जाऊ, की आधी इथे बी.फार्म. करून मग तिकडे एम.एस्सी. करू? आणि ‘पेशंटची काळजी घ्यायला शिकवतात’ म्हणजे नेमकं काय करतात? मी एमफार्म इकडेच केलं, आता हॉस्पिटल फार्मसीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इकडे फार्मासिस्ट म्हणूनच काम करायचं असेल तर थेट एमफार्म. आपल्याकडे ती बी.फार्म.नंतरची पदवी, इकडे मात्र चार वर्षांची पहिलीच पदवी. एजंट लोक फार्मास्युटिक्स वगैरेतलं एम.एस्सी. गळ्यात मारतात. कोर्स वाईट नसतो, कंपनीत किंवा संशोधनात जायला उपयोगी पडतो, पण त्यावर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. बी.फार्म. करून येणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, पण तीही असल्या एम.एस्सी.तून जात नाही. नोंदणी जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल करते (उत्तर आयर्लंडची संस्था वेगळी). तुझा कोर्स त्यांच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे फी भरायच्या आधी स्वतः बघ. एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस.

चार वर्षांनंतर 52 आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि मग नोंदणीची परीक्षा: एका भागात 40 गणितं, दुसऱ्यात 120 बहुपर्यायी प्रश्न. संधी तीनच. गणितांचं टेन्शन घेऊ नकोस, कॅल्क्युलेटर चालतो आणि आपली पोरं तिथे सहसा अडकत नाहीत. अडकतात ती ऑस्कीत.

ऑस्की म्हणजे एमफार्ममधली प्रात्यक्षिक परीक्षा. ओळीने टेबलं मांडलेली, प्रत्येकावर वेगळी केस, समोर पेशंटचं काम करणारा नट, बाजूला परीक्षक. घंटा वाजली की पुढचं टेबल. समज, संधिवाताची बाई आहे, मेथोट्रेक्सेट पहिल्यांदाच सुरू होतंय: आठवड्याला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 2.5च्या सहा गोळ्या, आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी. हेच औषध चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं. पाठांतरात तरबेज मुलं एका दमात सगळे दुष्परिणाम म्हणून मोकळी होतात. बाई मान डोलावते, विद्यार्थी खूश. मग परीक्षक तिला विचारतात, ‘गोळ्या कधी घेणार?’ ती म्हणते, ‘रोज सकाळी.’ गेले मार्क!

चांगला विद्यार्थी आधी विचारतो, ‘डॉक्टरांनी हे कशासाठी दिलंय म्हणून सांगितलं?’ मग वार तिच्याकडूनच ठरवून घेतो, सोबत दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड (एक जीवनसत्त्व) त्या दिवशी घ्यायचं नाही हे सांगतो, आणि घसा दुखला, ताप आला, तोंडात फोड आले किंवा धाप लागली तर लगेच कळवायचं, हे बजावतो. दुखतं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन आणून घेते का, तेही विचारून घेतो. शेवटी म्हणतो, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, घरी गेल्यावर कसं घ्याल ते तुम्ही मला सांगा.’ यात परीक्षा त्याच्या समजावण्याची होते, बाईची नाही, म्हणून तिला ओशाळं वाटत नाही. (‘समजलं का?’ विचारलं तर सगळे ‘हो’च म्हणतात.) हे शिकवतातही असंच: नटांसमोर, एकमेकांसमोर, वॉर्डात, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी चुका काढतं. लाजाळू असशील तर पहिलं वर्ष जड जाईल, पण ही सवयीची गोष्ट आहे.

आणि पेशंटशी थेट संबंध येणारं हे काम दिवसेंदिवस वाढतच चाललंय. 2026पासून नवीन नोंदणी होणारे फार्मासिस्ट पहिल्या दिवसापासून औषध लिहून देऊ शकतात. त्यासाठी ट्रेनिंगच्या वर्षात त्याचा 90 तासांचा देखरेखीखालचा सराव असतो. इंग्लंडमध्ये 31 जानेवारी 2024पासून ‘फार्मसी फर्स्ट’ सुरू आहे: घसादुखी, नागीण, बायकांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग असे सात आजार फार्मासिस्टच बघतो आणि लागलं तर ठरलेल्या नियमांत औषध देतो. कान दुखणाऱ्या मुलाच्या कानात ऑटोस्कोप घालून बघायचंही तोच. दुकानात मागे उभं राहून गोळ्यांची पाकिटं मोजायचं काम मनात असेल तर ही पदवी नकोच.

प्रवेशाचं सांगायचं तर केमिस्ट्री जवळजवळ सगळीकडे लागतेच, आणि मुलाखत असते. तिथे ‘फार्मसीच का?’चं पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं. त्यापेक्षा यायच्या आधी ओळखीच्या फार्मासिस्टकडे काही आठवडे नुसती उभी राहा आणि लोक काय विचारतात ते ऐक. मुलाखतीत त्यातलं एक जरी खरं उदाहरण दिलंस तरी फरक पडतो.

राहता राहिला व्हिसा. ट्रेनिंगची जागा इंग्लंड आणि वेल्समध्ये ओरिएल या सामाईक यंत्रणेतून मिळते. त्या वर्षात तू कुठल्या व्हिसावर असशील आणि तो कोण स्पॉन्सर करणार, हे विद्यापीठाला ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. फोनवर ‘काही प्रॉब्लेम येत नाही’ म्हणाले, एवढ्यावर चार वर्षांची फी भरू नकोस.