जुन्या बाजारात मिळालेलं लेदर जॅकेट खरं ए-२, म्हणजे अमेरिकन वैमानिकांचं जुनं जॅकेट, आहे का, आणि त्याला खोबरेल लावावं का?

खोबरेल लावू नका. तुमच्या आईंनी सुचवलंय हे प्रश्नात वाचलं. त्यांचा मान ठेवून सांगतो, नका लावू. माझ्या घरी हे घडून गेलंय.

१९९८ साली रविवारच्या जुन्या बाजारात एका पथारीवर, नट-बोल्टचे पाने आणि रेडिओंचे सांगाडे यांच्याखाली, मला तपकिरी जॅकेट सापडलं. कॉलरला आखूड फर, कंबरेला विणलेली लोकरी पट्टी. साडेसातशे रुपये मोजले, तेव्हाच्या पगाराला ते जड होते. ताईचे मिस्टर, आमचे दाजी, म्हणाले, "सिनेमाच्या कपडेपटातलं दिसतंय." मी ते खिडकीशी धरलं. चेनमागे वारा अडवायला कातड्याची पट्टी असते, तिला बारीक भोकं होती. उजेड आरपार आला आणि भोकांची अक्षरं झाली: यूएसएन. अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांचं जी-१ जॅकेट! बकऱ्याचं दाणेदार कातडं, पाठीत खांद्यांमागे हात पुढे नेले की उघडणाऱ्या चुण्या, चेनच्या रनरवर 'कॉनमार' हे जुन्या अमेरिकन चेन-कंपनीचं नाव. त्या रात्री मला झोप आली नाही.

पावसाळ्यात ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टांगलं, ही चूक माझी. ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी आली. मी कामासाठी नागपूरला होतो. दाजींनी काळजीपोटी वाटीभर खोबरेल चोळलं आणि उघडीप मिळाल्यावर गच्चीत उन्हात टाकलं. कातडं काळपट पडलं, तेल अस्तरात उतरलं, फरला खवट वास लागला. डिसेंबरात प्रत्येक सुरकुतीत तेल पांढरं गोठलं. चेन अडकत होती म्हणून त्यांनी जॅकेट शिंप्याकडेही दिलं. त्याने नवी चेन बसवली आणि जुनी टाकून दिली.

दाजी आजही म्हणतात, वस्तू वापरायची तर चालती हवी. अहो, ती चालतीच होती! दात शाबूत होते, फक्त रनर सैल झाला होता. दातांवर मेणबत्ती घासायची, रनरच्या कडा पकडीने अगदी हलक्या दाबायच्या, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

आता तुमचं जॅकेट. लेबल नाही, म्हणजे अंगावरच्या खुणांवरच जावं लागेल. ए-२ हे अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाचं, १९३१ साली स्वीकारलेलं. कॉलर कातड्याची, तिची टोकं टिचबटणांनी खाली बसणारी. गळ्याशी हूक, खांद्यावर पट्ट्या, पाठ अखंड एका तुकड्याची. पुढे झाकणाचे दोन खिसे, पण बाजूने हात घालायला फट नाही. तुम्ही लिहिलंय की खिशांत बाजूने हात जातो. मग ते युद्धकाळातलं नाही. ए-२ची खरेदी १९४३ मध्ये थांबली आणि १९८८ मध्ये अमेरिकन हवाई दलाने ते पुन्हा आणलं. बाजूची फट त्याच्याही नंतरची. अस्तराचा सुटलेला धागा जाळून पाहा: सुती असेल तर राख होते, पॉलिस्टर वितळून मणी होतो.

हे जॅकेट पुण्याजवळच्या लोहगाव विमानतळावरच्या वैमानिकाचं, ही विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट सोडून द्या. १९३९ चा तो तळ ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सचा. त्यांचं नावाजलेलं कातडी जॅकेट म्हणजे आयर्विन, आतून लोकर असलेलं जाड मेंढीचं. तुमच्या वर्णनाशी ते जुळत नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर बुरशी घराबाहेर, नाक बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत, रुंद खांद्याच्या हँगरवर वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको. लेदर कंडिशनर आधी खिशाच्या झाकणाखाली लावून दोन दिवस थांबा. रंग बदलला नाही तरच पुढे जा, तेही पातळ हाताने. बूट पॉलिश नको, शर्टाला लागतं. फाटलंय तिथे मशीन मारू देऊ नका. सुईच्या नव्या भोकांची रांग पडली की कातडं पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच सुटतं. अस्तर थोडं उसवून आतून पातळ कातड्याचा तुकडा चिकटवा. शिवण उसवली असेल तर हाताने चपला शिवणाऱ्या कारागिराकडून जुन्याच भोकांतून आरीने दोरा ओवून घ्या. कोपराचा रंग उडालाय तो तसाच राहू द्या. कोणाच्या तरी हाताने उडालेला रंग आहे तो, त्यावर नवा रंग चढवायचं काही कारण नाही.

हो, अस्तर आणि चेन मध्येच कुणीतरी बदललेली असू शकते, त्यामुळे एका खुणेवर निकाल देऊ नका. यूएसएनची भोकं आता नकलांतही पाडतात. आणि कातड्यातून लालसर भुकटी झडत असेल तर माझ्या सूचना सोडा, कंडिशनरसुद्धा लावू नका, ते कातडं आतून संपलंय.

चेन बदलावीच लागली तर शिंप्यासमोर बसून बदलून घ्या आणि काढलेली चेन मागून घ्या. पाकिटात घालून आतल्या खिशात ठेवा. मी परत आल्यावर दोन दिवस त्या शिंप्याच्या चिंध्यांच्या पोत्यात शोधत होतो.