गोव्यात मुले व असहाय प्रौढ यांच्या संरक्षणाच्या क्षेत्रात काम करायचे असल्यास कोणते प्रशिक्षण घ्यावे?

बारावीनंतर समाजकार्याची पदवी घेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे आणि पणजीच्या डॉन बॉस्को महाविद्यालयात ती घेता येते. मानसशास्त्राच्या पदवीधरांना एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करूनही या क्षेत्रात येता येते. मात्र माझ्या मते खरी तयारी कायद्यापासून सुरू होते. गोवा बाल कायदा (२००३), मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा (२०१२), बाल न्याय कायदा (२०१५) आणि ज्येष्ठांसाठीचा २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा मुळातून वाचावा. पोक्सोनुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी नोंदवायचा असतो आणि त्या वेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसावा लागतो. ही तरतूद ठाऊक असलेला कार्यकर्ता सोबत असला, की घाबरलेल्या मुलाला केवढा तरी धीर येतो. गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती कळवणे बंधनकारक आहे, पण मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून आपणच तपास करू नये, हे सरावानेच अंगवळणी पडते.

वृद्धांच्या बाबतीत त्रास देणारा आणि सांभाळणारा बहुधा एकच असतो, म्हणून तक्रार ओठांवर येऊनही थांबते; तिथे घाई उपयोगाची नाही.

कोकणी नीट येत नसेल तर आधी ती शिकावी. क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, संस्था निवडताना अनुभवी पर्यवेक्षक नियमित वेळ देतो का, हे अवश्य विचारावे.