बंड्या कोणी फोडला?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६६ वर्षांची. कोथरूडला आमचं तळमजल्यावरचं घर होतं, ते पुनर्विकासाला गेलं. दीड वर्ष झालं, आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये सहाव्या मजल्यावर राहतोय. जुन्या घरामागची बकुळ गेली, असो. सामान बांधताना मुलाच्या कॉलेजच्या दिवसांतलं निन्टेन्डो डीएस, ते हातात धरून खेळायचं यंत्र, सापडलं, चार्जरसकट. आत ‘व्हिवा पिन्याटा : पॉकेट पॅरडाइज’ नावाचा खेळ होता. त्यात बाग करायची, मग तिथे प्राणी राहायला येतात. गंमत म्हणून सुरू केलं ते आता रोज दुपारी दोन तास चालतं. आणि खरं सांगायचं तर कधी कधी रात्री एकपर्यंत, पांघरुणात. मिस्टर हसतात म्हणून मी ते तांदळाच्या डब्यामागे ठेवते. दोनदा दूध उतू गेलं.

दिवाळीत मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू बंगळूरहून आले. मी चकल्या तळत होते. बाहेर येऊन बघते तर नातवाच्या हातात ते यंत्र, आणि त्याने खेळातल्या फावड्याने माझं मांजर फोडलेलं. बंड्या नाव ठेवलं होतं मी त्याचं, जुन्या घरच्या आमच्या बोक्याचं. वर दोन ससेही गेले. मी इतकी ओरडले की पोर रडायला लागलं. ‘परत हात लावलास तर याद राख,’ असं म्हणाले मी, स्वतःच्या नातवाला! सून काही बोलली नाही, पण भाऊबीज झाल्या झाल्या, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी मंडळी निघाली. मिस्टर म्हणाले, “खोट्या झाडांना पाणी घालता घालता खऱ्या पोराला रडवलंस.” ताई, मला व्यसन लागलंय का? ते यंत्र भंगारवाल्याला देऊन टाकू का?

ता. क. हसू नका, पण चिमणी येते आणि राहत नाही. काय करू?

– एक आजी, कोथरूड

वहिनी,

हसले. पण फक्त ता. क.ला. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण त्यासाठी मला आधी स्वतः खेळून बघावं लागलं.

पत्रं वाचताना माझ्या हातात पेन्सिल असते, जुनी खोड. तुमच्या पत्रात मी एकाच शब्दाखाली रेघ मारली. दूध उतू गेल्याला तुम्ही एक अख्खं वाक्य दिलंत, चकल्यांनाही दिलंत. बकुळीला अर्धं वाक्य आणि पुढे ‘असो’. इतकी वर्षं हा स्तंभ लिहितेय, माणसं खरं दुखणं कुठे लपवतात ते आता चटकन दिसतं. फार करून एखाद्या ‘असो’मागेच असतं.

तर भाचीच्या मैत्रिणीकडून ते यंत्र आणि त्या खेळाची कॅसेट मागवली. (कॅसेट नाही, कार्ट्रिज म्हणायचं, अशी भाचीने दुरुस्ती केली. आपण कॅसेटच म्हणू.) चार दिवस खेळले. पहिल्याच दिवशी एक रोपटं जास्त पाणी घालून मारलं. घरच्या तुळशीही मी अशाच मारल्या आहेत, त्यामुळे खेळ खरा आहे याबद्दल माझी खात्री पटली.

ज्या वाचकांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. रेअर नावाच्या ब्रिटिश कंपनीने हा खेळ २००६ साली टीव्हीला जोडायच्या एक्सबॉक्स ३६० साठी काढला आणि २००८ साली त्याची हातात मावणारी आवृत्ती डीएसवर आली. खालच्या पडद्यावर बाग, आणि काडीसारख्या पेनाने तिथेच खणायचं, पेरायचं, पाणी घालायचं. सुरुवातीला हातात येतं ते टणक, कचरा पडलेलं रान. बांधकाम संपल्यावर बिल्डर मागे सोडतो ना, तसलं. ते फोडून माती मोकळी करायची, गवत लावायचं, तळं खणायचं, फुलं लावायची.

पुढची गोष्ट मला फार आवडली. यात प्राणी पकडायचे नसतात. आपण बाग करत राहायचं. एखादा प्राणी कुंपणाशी येतो, करडा, रंग नसलेला, नुसता बघून जातो. त्याला हवं ते फूल, हवं ते पाणी, हवा तो शेजार दिसला तर आत डोकावतो. आणखी काही जमून आलं तर राहतो, आणि राहिला की मगच त्याच्या अंगावर रंग चढतो.

वहिनी, हे तुम्हाला कोणी शिकवायला हवं होतं का? घरामागे कढीपत्ता असला की त्यावर फुलपाखरं अंडी घालतात आणि आठवड्याभरात अळ्या पानं कुरतडताना दिसतात. जास्वंद फुलली की शिंजीर चोच घालायला हजर. पालापाचोळा पडू दिला तर एखाद्या सकाळी भारद्वाज खालून चालत जातो, आपल्याच मालकीची जागा असल्यासारखा. हे बोलावून येत नाहीत, पकडून तर मुळीच नाहीत. तळमजल्यावर मागे माती असलेली बाई हा खेळ वर्षानुवर्षं बॅटरीशिवाय खेळत असते. घर रिकामं करायच्या दिवशी तुमच्या हातातून ते सगळं गेलं, आणि त्याच दिवशी, त्याच खोक्यांमध्ये, हे सापडलं. मग तुम्ही दीड वर्ष त्याला धरून बसलात यात मला नवल वाटत नाही. धरलं नसतंत तर काळजी वाटली असती.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ घेतलाय, १ जानेवारी २०२२ पासून ते लागू आहे. त्यात बघतात ते असं : खेळण्यावर ताबा उरला नाही, बाकी सगळ्या कामांच्या आणि आवडींच्या वर खेळ जाऊन बसला, आणि नुकसान होतंय हे दिसूनही तो वाढतच गेला. हे साधारण बारा महिने चालू असेल आणि घर, नाती, काम यांची त्यामुळे चांगलीच वाताहत झाली असेल, तर तो आजार. दोनदा दूध उतू जाणं त्यात बसत नाही. तसं असतं तर फोनवर बोलणारी सगळी पुण्याची बायकामंडळी आजारी ठरली असती.

पण रात्री एकपर्यंत पांघरुणातलं जे आहे, त्याचं मी समर्थन करणार नाही. झोप जाते, डोळे जातात, आणि लपून केलेली गोष्ट गोड लागते म्हणून जास्त केली जाते. तांदळाच्या डब्यामागून ते आजच काढा. बाहेरच्या खोलीत, रेडिओ असतो तशा जागी ठेवा. दुपारचे दोन तास उघड्यावर खेळा, गॅस बंद करून. रात्री जेवणानंतर नाही. एवढं पंधरा दिवसांत जमलं तर प्रश्न मिटला. नाहीच जमलं, हात आपोआप तिकडे जायला लागला, तर मला परत लिहा, मग आपण डॉक्टरांचं बघू.

मिस्टरांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी बोलते. तुमच्या भागात राहणारे निवृत्त गृहस्थ सकाळी काय करतात ते मला माहीत आहे, आमच्या घरीही एक नमुना आहे. तास-दीड तास वेताळ टेकडी, मग खाली अमृततुल्यात तेवढाच वेळ देशाचा कारभार. त्याला व्यायाम म्हणतात. बाईने दोन तास काही केलं, आणि त्यातून पापड किंवा स्वेटर निघाला नाही, की ते खूळ. हे त्यांना ऐकवायचं तर खुशाल ऐकवा. मात्र त्यांचं ते ‘खोट्या झाडांना’ वाक्य मी दोनदा वाचलं. खेळाची चेष्टा करायची तर माणूस ‘पोरखेळ’ म्हणतो. यांना नेमकी झाडंच आठवली. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही त्यांचीही असेल ना? तेही त्या बकुळीबद्दल गप्पच असतील, असा माझा अंदाज. एका दुपारी त्यांना शेजारी बसवा, आणि शिकवू नका, नुसतं विचारा की तळं कुठे खणू. पुरुषांना जागा सुचवायला फार आवडतं.

आता नातू. इथे मात्र मी तुमच्या बाजूने नाही.

पिन्याटा म्हणजे काय ते माहीत आहे का? मेक्सिकोत सणावाराला कागदाच्या लगद्याचे रंगीत प्राणी करतात, पोटात गोळ्या-चॉकलेटं भरून टांगतात आणि मुलं काठीने फोडतात. आपल्याकडच्या हंडीचीच बहीण. त्या खेळातले सगळे प्राणी तसे कागदाचे, आत खाऊ भरलेले, आणि फावडं मारलं की फुटून गोळ्या सांडतात, हे खेळ करणाऱ्यांनीच ठेवलंय. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती हंडी आणि काठी दिल्यावर त्याने काय करायला हवं होतं? त्याच्या लेखी तो एक गुलाबी-बिलाबी प्राणी होता. तो बंड्या आहे हे त्याला कोणी सांगितलं होतं? घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण बंड्या डब्यामागे राहत होता. खऱ्या बोक्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी विचारत नाही. मांजर माणसांना नाही, घराला धरून असतं म्हणतात.

तर फोन करायचा. सुनेला नाही, मुलालाही नाही, नातवाला. सुनेच्या फोनवरून असला तरी ‘त्याला दे’ म्हणायचं. लहान मुलाची माफी मागताना मोठी माणसं फार फाटे फोडतात : मी ओरडले खरी, पण तूही न विचारता हात लावलास ना, वगैरे. तो ‘पण’ गिळा. “मी तुझ्यावर खूप ओरडले, ते चुकलं. तुझी चूक नव्हती.” संपलं. मग त्याने विचारलं तर बोक्याची गोष्ट सांगा, खऱ्या बोक्याची, तो कसा ओट्यावरची साय खायचा ती. मुलांना असल्या गोष्टी लागतात, आणि तुम्हालाही ती कोणाला तरी सांगायची आहेच. सुनेशी नंतर बोला, दोन वाक्यांत. ती एक दिवस आधी निघाली यात मला तिचा राग दिसतो तेवढाच पोराचा पडलेला चेहराही दिसतो. तो उजळला की तिचं आपोआप निवळेल. नाही निवळलं तर समजा की तिचं दुखणं जुनं आहे, या बोक्याचं नाही.

मे महिन्यात ते येतील तेव्हाची सोयही सांगते. डीएसच्या खेळाची सगळी नोंद त्या कॅसेटमध्येच राहते, यंत्रात नाही. म्हणून हाच खेळ त्याच्यासाठी जुना, वापरलेला मिळवा. या खेळाची दुसऱ्या देशातली कॅसेटही तुमच्या यंत्रात चालते. तुमची बाग तुमच्या कॅसेटवर, त्याची त्याच्या. त्याला त्याच्या बागेत दिवसभर फावडं मारू दे. दोन दिवसांत कंटाळून विचारायला येईल, की आजी, तुझ्याकडे घोडा कसा आला?

भंगारवाल्याचा विचार सोडा. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आत लिथियमची बॅटरी असते, ती तशीच भंगारात जाऊ नये.

चार जण तुम्हाला सांगत असतील की बाल्कनीत कुंड्या लावा, खरी बाग करा. मी ते सांगणार नाही. ज्या बाईच्या हाताखाली बकुळ वाढली तिला सहाव्या मजल्यावर दोन कुंड्या दाखवणं हा अपमान आहे. तुम्ही दुसरं काम करा. शहरातलं झाड तोडायला १९७५च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि परवानगी देताना बदली झाडं लावण्याची अट असते. तुमच्या सोसायटीच्या कागदांत ती परवानगी असायला हवी. सेक्रेटरींकडे प्रत मागा. किती झाडं, कुठली, आवारात नेमकी कुठे, हे त्यात बघा. नाहीतर इमारत पूर्ण होताना कोणीतरी ट्रकभर शोभेचे पाम आणून फाटकाशी उभे करेल आणि हिशेब पुरा झाला म्हणेल. पुढच्या सभेत उठून विचारा, आराखड्यात झाडांसाठी मोकळी माती कुठे ठेवली आहे, आणि तिथे बकुळ लिहून घ्या. बकुळ बियांपासून होते, सावकाश वाढते, म्हणून आत्ताच एखाद्या रोपवाटिकेतून चांगलं हातभर रोप आणून ठेवा. होय, ते तेवढ्यापुरतं बाल्कनीतल्या कुंडीत राहील. तेवढं चालेल.

मिस्टरांना त्या सभेला घेऊन जा. टेकडीवर कमावलेला आवाज कामी येईल.

आणि आता तुमची चिमणी. तिचं नाव स्पॅरोमिंट, आणि तिला गांडूळ लागतं, ते व्हर्ल्म नावाचं. नुसतं बघायला नाही, खायला. माझीही दोन दिवस कुंपणावरून परत जात होती, कारण ती जवळ आली की मी गांडूळ हलवत होते. तुम्हीही तेच करत असणार. गांडुळांनाही नावं ठेवली आहेत का तुम्ही? ठेवली असतील तर एक बिननावाचं नवीन आणा, आणि चिमणी आली की पाच मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन या.